फोन कोरा, व्हर्जन तेच: ऑपरेटिंग सिस्टिम न बदलता स्मार्टफोन पूर्ववत करण्याचा आढावा

स्मार्टफोन पूर्ववत करण्याला बोलण्यात ‘रिसेट मारणे’, ‘फॉरमॅट मारणे’, ‘सॉफ्टवेअर मारणे’ अशी अनेक नावे आहेत आणि ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्रत्यक्षात या नावांखाली तीन वेगवेगळी कामे येतात. पहिले, मालकाचा सगळा डेटा पुसून फोन कोरा करणे. दुसरे, बिघडलेली ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिची ताजी प्रत चढवणे. तिसरे, आधी घेतलेला बॅकअप फोनमध्ये परत भरणे. पहिल्या आणि तिसऱ्या कामात ऑपरेटिंग सिस्टिमला हात लागत नाही. दुसऱ्यात लागतो, आणि फोन न विचारता नव्या आवृत्तीवर जातो तो बहुधा तिथेच. त्यामुळे आवृत्ती तीच ठेवून फोन पूर्ववत करता येईल का, हे यांपैकी कोणते काम करायचे आहे यावर ठरते.

फोनच्या आतले दोन कप्पे

फोनची अंतर्गत मेमरी अनेक भागांत विभागलेली असते. या विषयापुरते त्यातले दोन महत्त्वाचे. एका भागात ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि रोजच्या वापरात तो भाग फक्त वाचला जातो, त्यावर काही लिहिले जात नाही. दुसऱ्या भागात मालकाच्या वस्तू असतात: फोटो, मेसेज, उतरवून घेतलेली अ‍ॅप, त्यांच्या सेटिंग्ज, पासवर्ड. फॅक्टरी रिसेट हा दुसरा कप्पा रिकामा करतो. पहिला होता तसाच राहतो.

यातून एका जुन्या गैरसमजाचाही निकाल लागतो. फॅक्टरी रिसेट केला की फोन दुकानातून आणला त्या दिवशीच्या आवृत्तीवर परत जातो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. अपडेट येतो तेव्हा पहिल्या कप्प्यातली जुनी सिस्टिम जाऊन तिच्या जागी नवी बसते, आणि मूळ सिस्टिमची प्रत फोनमध्ये कुठेही जपून ठेवलेली नसते. अँड्रॉइड ११ सह विकत घेतलेला आणि मग अँड्रॉइड १३ वर गेलेला फोन रिसेट केल्यावर अँड्रॉइड १३ वरच उघडतो. रिसेटमुळे आवृत्ती पुढे जात नाही आणि मागेही येत नाही.

पुसण्याची क्रिया आज काही क्षणांत होते, कारण आता डेटा मुळात कूटबद्ध स्वरूपात साठवलेला असतो. आयफोनमध्ये २००९ च्या ३जीएस मॉडेलपासून यासाठी स्वतंत्र हार्डवेअर आहे. फोन पुसताना एकेक फोटो खोडत बसावे लागत नाही. डेटा उलगडणाऱ्या किल्ल्या नष्ट केल्या की उरलेला मजकूर निरर्थक होतो. अँड्रॉइडमध्ये ही व्यवस्था सगळ्या नव्या फोनांना सक्तीची झाली ती २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून. त्याआधीचे चित्र काळजीचे होते. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा रिसेट केलेल्या फोनांतूनही मेसेज आणि खात्यांची माहिती परत मिळवता आली. हे फोन अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे होते. इतका जुना फोन विकताना किंवा दान करताना नुसत्या रिसेटवर विसंबता येत नाही.

अपडेट नको असण्याची कारणे

आवृत्ती तीच ठेवण्याचा आग्रह प्रत्येक वेळी हट्टातून आलेला नसतो. जुन्या फोनची मेमरी आणि प्रोसेसर नव्या सिस्टिमच्या भाराखाली दमतात, मोकळी जागा कमी होते, कीबोर्ड उशिरा उमटतो. काही वेळा अपडेटमुळे वापरातले अ‍ॅपच बंद पडते. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ ने ३२-बिट अ‍ॅप चालवणे थांबवले, आणि ज्यांच्या निर्मात्यांनी ती नव्याने बांधली नाहीत अशी अ‍ॅप त्या दिवसापासून उघडेनाशी झाली. एखाद्या संस्थेने स्वतःच्या कामासाठी बनवून घेतलेले अ‍ॅप ठरावीक आवृत्तीवरच तपासलेले असते. जेलब्रेक किंवा रूट केलेल्या, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने तोडलेल्या, फोनच्या मालकाला तर अपडेट म्हणजे मिळवलेली मोकळीक गमावणे.

फोन हळू होण्याचे खापर मात्र दरवेळी अपडेटवर फोडता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की बॅटरी थकलेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता, म्हणजे फोन अचानक बंद पडू नयेत. अशा फोनमध्ये रिसेट करून फारसे साधत नाही. नवी बॅटरी टाकली की वेग परत येतो. म्हणून फोन कोरा करण्याआधी बॅटरीची स्थिती पाहणे शहाणपणाचे.

आयफोन: शेजारशेजारची दोन बटणे

आयफोनवर आवृत्ती न बदलता फोन कोरा करण्याचा सरळ रस्ता फोनच्या आतच आहे. सेटिंग्जमधील ‘जनरल’ विभागात शेवटाकडे, आयओएस १५ पासून ‘ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन’ हा पर्याय दिसतो आणि त्यात ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. ही क्रिया मालकाचा कप्पा पुसते आणि फोन त्याच आवृत्तीवर पुन्हा सुरू करते. त्याच्या जवळच असलेला ‘रिसेट ऑल सेटिंग्ज’ हा पर्याय त्याहून सौम्य आहे. त्यात फोटो, मेसेज, अ‍ॅप यांना धक्का लागत नाही, फक्त वाय-फायचे पासवर्ड, आवाज, पडदा, परवानग्या अशा सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. नेटवर्क किंवा नोटिफिकेशनच्या किरकोळ तक्रारी बऱ्याचदा एवढ्यानेच मिटतात.

घोटाळा होतो तो फोन संगणकाला जोडल्यावर. मॅकवरील फाइंडर किंवा विंडोजवरील आयट्यून्स उघडले की आयफोनच्या पानावर ‘रिस्टोअर’ हा शब्द दोन ठिकाणी दिसतो. ‘रिस्टोअर बॅकअप’ हे बटण संगणकात साठवलेला डेटा फोनमध्ये भरते आणि आवृत्तीला हात लावत नाही. ‘रिस्टोअर आयफोन’ हे बटण फोन पूर्ण पुसते, अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून त्या मॉडेलसाठीची सर्वांत नवी आवृत्ती उतरवून घेते आणि तीच चढवते. बॅकअप परत आणायला बसलेला माणूस घाईत दुसरे बटण दाबतो, आणि अर्ध्या तासाने फोन नव्या आवृत्तीवर उघडतो. या टप्प्यावरून माघार बहुधा शक्य नसते.

फोन सुरूच होत नसेल, लोगोवर अडकला असेल, तर तो रिकव्हरी मोडमध्ये नेऊन संगणकाला जोडावा लागतो. तिथे ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय समोर येतात. ‘अपडेट’मध्ये डेटा राखून सिस्टिम पुन्हा चढवण्याचा प्रयत्न होतो, ‘रिस्टोअर’मध्ये डेटा जातो. सिस्टिम मात्र दोन्हींत नवीच येते. डाउनलोडला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला तर फोन रिकव्हरी मोडमधून आपोआप बाहेर पडतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. मंद इंटरनेट असलेल्या ठिकाणी हे ध्यानात ठेवावे.

स्वाक्षरीचा पहारा

मग जुन्या आवृत्तीची फाइल मिळवून तीच का चढवू नये? आयओएसच्या पूर्ण प्रतीला आयपीएसडब्ल्यू फाइल म्हणतात. मॅकवर ऑप्शन किंवा विंडोजवर शिफ्ट ही कळ दाबून ‘रिस्टोअर आयफोन’वर क्लिक केले, तर संगणकातली अशी फाइल निवडताही येते. पण फाइल निवडली म्हणून ती चढतेच असे नाही. चढवण्याआधी फोनचा एकमेव क्रमांक अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे जातो आणि त्या फोनसाठी, त्या आवृत्तीसाठी डिजिटल स्वाक्षरी मागितली जाते. नवी आवृत्ती आली की थोड्याच काळात जुनीची स्वाक्षरी देणे अ‍ॅपल थांबवते. त्यानंतर आयट्यून्स ३१९४ सारखा त्रुटी-क्रमांक दाखवून काम सोडून देते. म्हणजे फोनवर आज असलेली आवृत्तीच पुन्हा चढवायची असेल, तर ती अजून स्वाक्षरीच्या मुदतीत असली पाहिजे.

हा पहारा २००९ च्या आयफोन ३जीएसपासून सुरू झाला. त्याला पहिली वाट शोधली ती जेलब्रेक करणाऱ्यांनी. स्वाक्षरी मिळत असतानाच तिची प्रत साठवून ठेवायची आणि पुढे गरज पडली की तीच सर्व्हरचे उत्तर म्हणून फोनला दाखवायची, अशी ती युक्ती. सिडिया या जेलब्रेक-दुकानाचे निर्माते जे फ्रीमन, म्हणजे ‘सौरिक’, यांनी अशा स्वाक्षऱ्या साठवणारा सर्व्हरही चालवला. २०११ मध्ये आयओएस ५ ने ही वाट अरुंद केली. फोन दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा पाठवू लागला आणि स्वाक्षरी त्या आकड्याशी बांधली गेली, त्यामुळे कालची स्वाक्षरी आज जुळेना. पुढे २०१३ च्या आयफोन ५एसपासून पासकोड आणि बोटांच्या ठशांचे काम स्वतंत्र सुरक्षा-प्रोसेसरकडे गेले. त्याचे सॉफ्टवेअर वेगळे असते आणि मुख्य सिस्टिमशी जुळावे लागते. साठवलेली स्वाक्षरी, तो ठरावीक आकडा पुन्हा उमटवण्याची सोय आणि जुळणारे सुरक्षा-सॉफ्टवेअर हे तिन्ही हाताशी असतील तरच जुनी आवृत्ती चढवता येते. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने हा मार्ग बंद आहे असेच धरावे.

जेलब्रेक केलेला आयफोन

आवृत्ती न बदलता पूर्ववत करण्याची गरज सर्वांत तीव्रतेने जाणवली ती जेलब्रेक केलेल्या फोनांवर. जेलब्रेकमध्ये सिस्टिमच्या कप्प्यातच फाइल घातल्या जातात, शिवाय जागा वाचवण्यासाठी सिस्टिमचे काही भाग मालकाच्या कप्प्यात हलवलेले असतात. अशा फोनवर नेहमीचे ‘इरेज ऑल कंटेंट’ वापरले तर ते हलवलेले भागही पुसले जातात. मग सिस्टिमला आपलेच तुकडे सापडत नाहीत आणि फोन लोगोवर फिरत राहतो. त्यातून सुटायला रिकव्हरी मोड लागतो, आणि रिकव्हरी म्हणजे नवी आवृत्ती. एका चुकीच्या पर्यायामुळे जेलब्रेक आणि जुनी आवृत्ती दोन्ही हातची जातात.

या अडचणीवर फ्रीमन यांनी २०१५ मध्ये सिडिया इम्पॅक्टर फोनवर चालेल अशा रूपात आणले. बदललेल्या सिस्टिम-फाइल मूळ स्थितीत आणून, जेलब्रेक आणि डेटा काढून, फोन त्याच आवृत्तीवर कोरा करून देणे हे त्याचे काम. मार्च २०१७ मध्ये आयओएस १०.३ ने एपीएफएस ही नवी फाइल-व्यवस्था आणली आणि काम आणखी सोपे झाले. या व्यवस्थेत एखाद्या क्षणीच्या स्थितीचे छायाचित्र घ्यावे तशी नोंद ठेवता येते. पुढच्या काळातील जेलब्रेक-साधनांनी सिस्टिमच्या मूळ नोंदीकडे परत जाण्याचा पर्यायच दिला. तो निवडला की घातलेल्या फाइल नाहीशा होतात, सिस्टिम मूळ रूपात येते आणि आवृत्ती तीच राहते. आयओएस १५ पासून सिस्टिमच्या संपूर्ण कप्प्यावर स्वाक्षरीचे शिक्कामोर्तब असते, म्हणून नवी जेलब्रेक-साधने शक्यतो त्या कप्प्याला हातच लावत नाहीत.

अँड्रॉइड: रिसेट सोपा, फ्लॅशिंग जोखमीचे

अँड्रॉइडवर रिसेटचे दोन दरवाजे आहेत. एक सेटिंग्जमधला. दुसरा रिकव्हरी मोडमधला: फोन बंद करून आवाज आणि पॉवरची बटणे एकत्र दाबून धरायची, आणि येणाऱ्या यादीतून ‘वाइप डेटा / फॅक्टरी रिसेट’ निवडायचे. बटणांची जुळणी कंपनीगणिक बदलते, परिणाम सारखाच असतो: डेटा जातो, सिस्टिम राहते. काही फोनांच्या त्याच यादीत ‘वाइप कॅशे पार्टिशन’ असते. त्याने फक्त तात्पुरत्या फाइल जातात, म्हणून आधी ते करून पाहावे.

सिस्टिमच खराब झाली असेल तर ती पुन्हा चढवावी लागते. दुकानदार ज्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात ते हेच, आणि तंत्रज्ञांच्या बोलीत फ्लॅशिंग. आयफोनपेक्षा इथे मोकळीक जास्त आहे, कारण अनेक कंपन्यांच्या जुन्या फर्मवेअर फाइल, म्हणजे सिस्टिमच्या प्रती, मिळतात आणि फोनवर असलेलीच आवृत्ती पुन्हा चढवता येते. गुगल पिक्सेल फोनांच्या पूर्ण प्रती स्वतः उपलब्ध करून देते. त्या चढवायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो आणि बूटलोडर उघडताच सगळा डेटा पुसला जातो, हे मात्र आधी माहीत असावे.

सॅमसंगच्या फोनांवर हे काम ओडिन नावाच्या विंडोज-प्रोग्रॅमने होते. त्यात बीएल, एपी, सीपी आणि सीएससी असे चार मुख्य चौकोन असतात आणि प्रत्येकात एकेक फाइल भरायची असते. शेवटच्या चौकोनासाठी फर्मवेअरबरोबर दोन पर्यायी फाइल येतात. ‘सीएससी’ निवडली तर फोन पुसला जातो, ‘होम सीएससी’ निवडली तर डेटा राहतो. दोघींची नावे एवढी सारखी की एका चुकीच्या निवडीत सगळे फोटो जातात. दुसरी खबरदारी फर्मवेअरच्या क्रमांकातली. त्यातले शेवटून पाचवे चिन्ह बूटलोडरची पातळी सांगते. फोनवरची पातळी ५ असेल तर ४ ची फाइल तो नाकारतो आणि डाउनलोड मोडच्या पडद्यावर तसा संदेश येतो. त्याच पातळीची किंवा वरची फाइल चालते. कंपनीची मूळ फाइल सोडून परकी चढवली, तर नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेची हार्डवेअरमधली खूण कायमची बदलते. ती परत फिरवता येत नाही.

मागे जाण्यावरचा हा अटकाव आता अँड्रॉइडभर पसरला आहे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या बूट-पडताळणीत जुनी सिस्टिम नाकारण्याची तरतूद आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेचे फोन अँड्रॉइड १३ वर गेले, तेव्हापासून त्यांना अँड्रॉइड १२ चा बूटलोडर चालेनासा झाला. हा अटकाव असलेल्या काही फोनांवर कमी पातळीची सिस्टिम चढवली तर फोन पूर्ण निकामी होतो, ज्याला ‘ब्रिक होणे’ म्हणतात. त्यामुळे फाइल चढवण्याआधी मॉडेल, प्रदेश आणि पातळी या तिन्ही गोष्टी ताडून पाहिल्याच पाहिजेत.

डेटा परत आणताना

फोन कोरा झाला, आवृत्ती तीच राहिली, तरी काम संपलेले नसते. बॅकअप आणि आवृत्ती यांचे नाते एकतर्फी आहे. आयफोनवर जुन्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप नव्या आवृत्तीत भरता येतो, उलटे चालत नाही. नव्या फोनचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर भरायला गेले की आधी अपडेट करा असे सांगितले जाते. म्हणून बॅकअप त्याच फोनवरून, पुसण्याच्या अगदी आधी घ्यावा. संगणकावर घेताना तो पासवर्ड लावून कूटबद्ध करावा, कारण साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती कूटबद्ध बॅकअपमध्येच येते.

दुसरी अडचण अ‍ॅपची. आयफोनच्या बॅकअपमध्ये अ‍ॅपचा डेटा असतो, अ‍ॅप स्वतः नसते. ते स्टोअरमधून पुन्हा उतरते. पुसण्याआधी नीट चालणारे अ‍ॅप आता नवी सिस्टिम मागत असेल, तर जुन्या आवृत्तीवर ते परत बसेलच असे नाही. आधी त्याच खात्याने घेतलेल्या अ‍ॅपची जुळणारी शेवटची आवृत्ती अ‍ॅप स्टोअर कधी कधी देऊ करते, पण ते अ‍ॅपच्या निर्मात्यावर अवलंबून असते. व्हॉट्सअ‍ॅपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनांचा पाठिंबा काढून घेतला. असा फोन रिसेट केला तर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने सुरू करणे शक्य होत नाही. पैशांच्या अ‍ॅपचाही आधी विचार करावा. यूपीआय अ‍ॅप पुन्हा बसवल्यावर एसएमएस पाठवून सिमची ओळख नव्याने पटवावी लागते. त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये आणि चालू हवे.

मालकीची कुलपेही आधी सोडवून ठेवावीत. आयओएस ७ बरोबर २०१३ मध्ये अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आले, अँड्रॉइड ५.१ बरोबर २०१५ मध्ये फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. रिकव्हरीतून पुसलेला फोन पूर्वीच्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो मिळेपर्यंत उघडत नाही. सेटिंग्जमधून रीतसर पुसला तर ही अडचण येत नाही, कारण खाते त्या वेळीच काढले जाते. जुना फोन विकत घेणाऱ्याने ही खात्री समोरासमोर करून घ्यावी. शेवटी, कोऱ्या फोनची पहिली मांडणी करताना आपोआप अपडेटची निवड पुन्हा पुढे येते. ती तिथेच बंद केली नाही, तर एवढ्या खटाटोपाने जपलेली आवृत्ती एखाद्या रात्री चार्जिंगवर असतानाच बदलते.

जुन्या आवृत्तीची किंमत

आवृत्ती जपण्याला एक मर्यादा आहे आणि ती सुरक्षेची. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने पेगासस या हेरगिरी-सॉफ्टवेअरने वापरलेली एक त्रुटी उघड केली. तिच्यात वापरकर्त्याने कुठेही बोट लावायची गरज नव्हती, आलेला मेसेजच पुरेसा होता. आयओएस १४.८ ने ती बुजवली. जे फोन १४.७ वर थांबले ते उघडे राहिले. रिसेटने अशी त्रुटी जात नाही, कारण ती सिस्टिमच्या कप्प्यात असते आणि रिसेट तिकडे पाहतही नाही.

मधली वाट मात्र आहे. मोठी आवृत्ती बदलणे आणि सुरक्षेची दुरुस्ती घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१३ चा आयफोन ५एस आयओएस १२ वरच राहिला, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याला आयओएस १२.५.७ ही दुरुस्ती मिळाली. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये आवृत्तीच्या आकड्याशेजारी सुरक्षा-दुरुस्तीची तारीख वेगळी दिलेली असते. ज्याला फोनचा वेग आणि ओळखीची मांडणी जपायची आहे, त्याने मोठी उडी टाळावी, पण त्याच आवृत्तीतल्या दुरुस्त्या घेत राहाव्यात. त्या मिळणे बंद झाले असेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्या फोनवर करू नयेत.

सर्व मार्ग एकत्र पाहिले तर क्रम स्पष्ट आहे. आधी बॅटरी आणि मोकळी जागा तपासावी, मग फक्त सेटिंग्ज रिसेट करून पाहाव्यात, मग बॅकअप घेऊन फोनच्या आतूनच तो पुसावा. इथपर्यंत आवृत्ती सुरक्षित असते. संगणक, रिकव्हरी आणि फ्लॅशिंग ही शेवटची पायरी. आयफोनच्या बाबतीत ती चढली की नवी आवृत्ती येणार हे गृहीत धरावे, अँड्रॉइडच्या बाबतीत अचूक फाइल हाती असल्याशिवाय ती चढू नये. आणि फोन दुकानात द्यायचाच असेल, तर काउंटरवर ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: डेटा राहणार का, आणि व्हर्जन कोणते चढणार?